तुम्ही विचारलंत म्हणून: रांगेत का उभे राहत नाहीत?

“ताई, आधीचे लोक अमेरिकेला कसे रीतसर, कायद्याने गेले. हे दोन नंबरने जाणारे रांगेत का नाही उभे राहत?” बडोद्यात हा प्रश्न मला लग्नात, बँकेत, भाजी घेताना, कुठेही गाठतो. दांडिया बाजारात बसून मी जुन्या मराठी-गुजराती दाखल्यांची इंग्रजी भाषांतरं करते आणि त्यातले पुष्कळसे अमेरिकेच्या फायलींसाठी असतात, म्हणून विचारतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला घेऊन आलं. त्यात ३३ जण गुजरातचे होते. तेव्हापासून तर फारच विचारतात.

आधीचे म्हणजे कोण, हे पहिल्यांदा बघायला हवं. युरोपातून गेलेल्यांना पहिल्या महायुद्धापर्यंत व्हिसा लागतच नव्हता. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरायचं, डॉक्टरांनी डोळे तपासायचे, नाव-गाव सांगायचं आणि शहरात जायचं. परत पाठवले जात ते शंभरातले दोनेक. आपल्या बडोद्याचंच उदाहरण घ्या. सयाजीराव महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा व्हिसासाठी कुठल्या वकिलातीत खेटे घालावे लागले नव्हते. म्हणजे त्या पिढीने कायदा पाळला हे खरंच, पण तो पाळायला फारसं काही करावंच लागत नव्हतं.

आशियातल्या माणसांसाठी मात्र दार वेगळं होतं. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी घातली. १९१७ मध्ये नकाशावर पट्टा आखून हिंदुस्थानही त्या बंदीत घातला; विद्यार्थ्यांसारख्या थोड्यांना सूट राहिली. पंजाबातून गेलेले भगतसिंग थिंद तर पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तरी १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं, आणि मग आधी मिळालेल्या कितीतरी हिंदी लोकांचंही काढून घेतलं गेलं. त्यांतले वैष्णोदास बगाई यांनी १९२८ मध्ये जीव दिला. हा माणूस बायकामुलांसह रीतसर गेलेला, सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारा. रीतसर जाऊनही काय झालं, ते त्यांच्याकडे बघा.

१९२१ मध्ये प्रत्येक देशाचा कोटा ठरला, १९२४ मध्ये तो आणखी कडक झाला आणि युरोपातल्या लोकांनाही पहिल्यांदा खरी अडवणूक झाली. मग काय, तेही कागदांशिवाय शिरले. आणि ज्यांच्या येण्याची नोंदच नव्हती अशा जुन्या लोकांसाठी १९२९ मध्ये कायदा झाला: ३ जून १९२१ च्या आधी आलेला असशील, वागणूक चांगली असेल, तर फी भर आणि कायम रहा. आशियाई माणूस त्यातूनही वगळलेला. ‘आमचे आजोबा कायद्याने आले’ म्हणणाऱ्या किती घरांमागे ही सवलत असेल, हा प्रश्न त्या वादात कुणी काढतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

भारताला १९४६ मध्ये कोटा मिळाला, वर्षाला १०० माणसांचा. देशवार कोटे उठले ते १९६५ च्या कायद्याने. नात्यातल्यांना आधी जागा द्या, असा आग्रह तेव्हा मायकेल फीघन नावाच्या खासदाराने धरला होता. आधीपासून तिथे युरोपीयच जास्त, तेव्हा नातेवाईकही त्यांचेच येतील, असा हिशेब होता. तो चुकला. इथे बडोद्यात, कारेलीबागेतल्या धाकट्या भावाची फाइल टाकता येते ती त्यामुळे.

आता ही फाइल म्हणजे काय ते सांगते. भाऊ अमेरिकन नागरिक झाला की भावा-बहिणीसाठी अर्ज करतो. सगळ्या जगातल्या भावंडांना मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा, आणि वर एका देशाला एकूण सात टक्क्यांची मर्यादा. भारताला जेवढी, तेवढीच आइसलँडला. नंबर लागायला पंधरा-वीस वर्षं जातात. तोवर इथे कागद जमवायचे. नगरपालिकेच्या जुन्या नोंदीत बापाचं नाव असतं, मुलाच्या नावाचा रकाना कोरा. मग शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माच्या वेळी घरात असलेल्या आत्याचं अ‍ॅफिडेव्हिट. नंबर येईपर्यंत कधी आत्याच राहत नाही. आणि अर्ज केला तेव्हा पहिलीत असलेला मुलगा एकवीसच्या वर गेलेला असतो. अर्ज तपासायला लागलेला काळ वयातून वजा करतात, तरी पुष्कळांची मुलं फायलीतून गळतात. आईबापांनी जायचं की राहायचं, हे मग माझ्यासमोर बसून ठरतं. रांगेत उभं राहणं ते हे. ज्यांनी निभावलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

पण ज्याचा तिथे जवळचा नातेवाईक नाही, पदवी नाही, बोलावणारा मालक नाही, त्याला रांगच नाही. बिनकौशल्याच्या कामगारांना साऱ्या जगात मिळून वर्षाला दहा हजारांहूनही कमी जागा. कायमचं राहायला देणाऱ्या व्हिसाची लॉटरी भारताला बंद. म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की बहुतेकांना उभं राहायला जागाच नाही.

याचा अर्थ दलालांना लाखो रुपये मोजून निघावं असा नाही. जानेवारी २०२२ मध्ये कॅनडाच्या सरहद्दीवर गुजरातेतल्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब, दोन लेकरांसह, गोठून मेलं. असं कुणी माझ्याकडे सल्ल्याला आलं तर मी हात जोडून नको म्हणते. आपल्या देशात कुणाला घ्यायचं हे ठरवायचा हक्क अमेरिकेचा, तोही मला मान्य आहे. फक्त १९२९ च्या त्या सवलतीची तारीख १९८६ मध्ये सरकवून १ जानेवारी १९७२ केली, ती आजही तिथेच आहे. त्यानंतर आलेला माणूस पन्नास वर्षं तिथे राबला, कर भरले, मुलं वाढवली, तरी त्याला ती लागू नाही. पुढे सरकवायची विधेयकं आली, संमत झाली नाहीत. ती तारीख हलवावी आणि सात टक्क्यांची मर्यादा काढावी, असं माझं स्पष्ट मत आहे.