डायपोल अपडेट : ट्रेमध्ये दुप्पट का मिळत नव्हतं ते सापडलं

एकदाचं कोडं सुटलं! पाण्याच्या ट्रेमध्ये दोन खिळे उभे करून ते ट्रान्सफॉर्मरला जोडले, हा माझा डायपोल, म्हणजे जवळजवळ ठेवलेले दोन विरुद्ध ध्रुव. त्याच्याभोवतीचं विद्युत क्षेत्र मोजतोय. मागच्या अपडेटमध्ये लिहिलेला आकडा तीन आठवडे तिथेच अडून बसला होता. डायपोलच्या मध्यापासून ६ सेंमीवर, अक्षावर (दोन्ही खिळ्यांतून जाणाऱ्या रेषेवर) ७४ मिलिव्होल्ट आणि लंबदुभाजकावर ६९. सूत्राप्रमाणे अक्षावर दुप्पट हवं. खिळे बदलले, ट्रान्सफॉर्मर बदलला, पाण्यात मीठही टाकून पाहिलं. फरक शून्य. (एसीच वापरतोय. डीसीवर खिळ्यांना बुडबुडे धरतात आणि रीडिंग सरकत राहतं.) मीटरचं म्हणाल तर स्वस्तातला पिवळा या कामाला घेऊच नका, त्याची एसीची सगळ्यात खालची रेंजच २०० व्होल्ट असते.

वाट दाखवली ती कोनाने. आइस्क्रीमच्या काडीत १ सेंमी अंतराने खोवलेल्या दोन सुया, हाच आपला प्रोब. तो अक्षाला समांतर धरून डायपोलच्या मध्याभोवतीच्या कंसावरून नेत गेलो. रीडिंग शून्याला टेकतं तिथे क्षेत्र अक्षाला काटकोनात असतं. हे अक्षापासून ५४.७ अंशांच्या आसपास व्हायला हवं, झालं ४४ वर. म्हणजे जवळपास ४५! तिथेच ट्यूब पेटली. पाणी जेमतेम १ सेंमी खोल, खिळे तळाला टेकलेले. प्रवाहाला वर-खाली पसरायला जागाच नाही. माझे दोन बिंदू हे खरं तर दोन लांब तारा होत्या. तारांच्या जोडीचं क्षेत्र अंतराच्या घनाने नाही, वर्गाने घटतं आणि लांबवर सगळ्या दिशांना सारखंच भरतं. मोजमाप पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

रविवारी २०० लिटरचा निळा ड्रम भरला. सायकलच्या छऱ्यांना तार जोडायला सोल्डरचा डाग धरेना, म्हणून ८ मिमीचे पितळी मणी घेतले. दोघांत २ सेंमी अंतर ठेवून ते ड्रमच्या मधोमध सोडले. सुयांना टोकं सोडून नेलपॉलिश लावलं. अक्षावर २९, दुभाजकावर १३! गुणोत्तर २.२. नेमकं दुप्पट हे खूप लांबवर; २ सेंमीच्या डायपोलला ६ सेंमीवर पूर्ण सूत्रही २.२ च देतं. शून्य ५४ अंशांवर. हात अवघडला तरी काडी तशीच धरून मीटरवरच्या त्या ०.३ कडे बघत राहिलो.

आता ८, १० आणि १२ सेंमीवर क्षेत्र घनाने घटतं का ते तपासणार होतो. पण लिहिता लिहिता सुचतंय, मणी तळालगत बसवून नळीने पाणी थोडं थोडं उपसलं, तर २.२ वरून गुणोत्तर नेमकं कुठल्या खोलीला घसरायला लागतं ते दिसेल. आधी हेच करतो. उद्या पाण्याचा दिवस आहे, ड्रम काठोकाठ भरून घेतो.