तुम्ही विचारलंत म्हणून: अभ्यास करायचा की काही घडवायचं?

प्लाझ्मा भौतिकशास्त्राकडे वळू पाहणारी मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील, मला एक प्रश्न हमखास विचारतात. या विषयात आयुष्यभर नुसता अभ्यासच करायचा, की उपयोगाचं काही घडवताही येतं? शोधनिबंध लिहिणारी माणसं वेगळी आणि पेटंट मिळवणारी वेगळी, असंच ना? उभ्याउभ्या या प्रश्नाला न्याय देता येत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. उत्तरादाखल एकाच माणसाची कारकीर्द सांगणार आहे: अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर.

वायू खूप तापवला किंवा त्यातून वीज सोडली की त्यातल्या काही अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि मागे धन भार असलेले अणू, म्हणजे आयन, उरतात. अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात. सूर्य प्लाझ्माचा, आकाशातली वीज प्लाझ्माची, ट्यूबलाइटच्या नळीत असतो तोही प्लाझ्माच. 1928 मध्ये हे नाव रूढ केलं ते लँगम्यूर यांनी. पण त्यांची सुरुवात झाली ती बल्बपासून.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून 1903 मध्ये ते धातुशास्त्राचे अभियंता झाले. पुढे जर्मनीत गॉटिंगेनला वाल्थर नर्न्स्ट यांच्या हाताखाली 1906 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता तापलेल्या तारेजवळ वायूच्या रेणूंचं काय होतं हा, आणि तापलेली तार व तिच्याभोवतीचा वायू ही जोडी पुढे आयुष्यभर त्यांच्यासोबत राहिली. परतल्यावर होबोकेनच्या एका संस्थेत त्यांनी काही वर्षं शिकवलं. तिथे संशोधनाला फारसा वेळ मिळत नव्हता. 1909 च्या उन्हाळ्यात सुट्टीपुरतं काम करायला म्हणून ते स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिक या कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले, आणि 1950 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

त्या काळी या प्रयोगशाळेतला मोठा विषय म्हणजे टंगस्टनच्या तारेचा बल्ब. हा बल्ब वापरता वापरता आतून काळा पडत जायचा. आत उरलेला थोडासा वायू सगळी खोडी करतो, तेव्हा पंप आणखी चांगला करा, बल्ब आणखी रिकामा करा, असं सर्वांचं मत होतं. लँगम्यूर यांनी नेमकं उलट केलं. वायू काढायच्या मागे न लागता त्यांनी एकेक वायू मुद्दाम आत सोडायला सुरुवात केली. हायड्रोजन सोडला तर काय होतं, ऑक्सिजन सोडला तर काय, पाण्याची वाफ सोडली तर काय. दोष घालवायचा नाही, वाढवून बघायचा. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचं मर्म या एका पद्धतीत आहे.

पाण्याच्या वाफेची गोष्ट बघा. बल्बमध्ये वाफेचा नुसता अंश राहिला तरी काच काळी होते, आणि त्याचं कारण अफलातून आहे. वाफेचा रेणू तापलेल्या टंगस्टनवर आदळतो. ऑक्सिजन टंगस्टनला धरतो आणि हायड्रोजन अणुरूपात सुटा होतो. टंगस्टनचं ऑक्साइड उडून थंड काचेवर बसतं. तिथे तो सुटा हायड्रोजन त्याच्यातला ऑक्सिजन काढून घेतो, मागे काचेवर धातूचा काळा थर उरतो आणि पाणी पुन्हा तयार होऊन तारेकडे निघतं. म्हणजे मूठभर रेणू तारेवरचा धातू काचेकडे वाहत राहतात आणि स्वतः मात्र संपत नाहीत.

पण चांगल्या, कोरड्या बल्बमध्येही काळेपणा यायचाच. तो का, हेही याच प्रयोगांतून उलगडलं. तिथे वायूचा काही दोष नव्हता. टंगस्टनच तापून वाफ होत होतं. याचा अर्थ जगातला सर्वोत्तम पंप आणला असता तरी बल्ब सुधारला नसता! उलट नायट्रोजन किंवा आर्गॉनसारखा निरुपद्रवी वायू भरला तर टंगस्टनचे अणू त्याच्यावर आपटून परत फिरतात आणि वाफ होणं मंदावतं. अडचण एवढीच की वायू तारेची उष्णताही पळवतो. इथे त्यांनी मोजमापातून आणखी एक गोष्ट हेरली. तापलेल्या तारेभोवती वायूचा जवळजवळ स्थिर असा थर असतो, आणि बारीक तार असो की जाड, उष्णता सुमारे तेवढीच जाते. मग लांब तारेला घट्ट गुंडाळून तिची आखूड, जाड दिसणारी कॉइल केली तर? नुकसान एकदम कमी. वायू भरलेला आणि कॉइलची तार असलेला बल्ब 1913 मध्ये आला. आधीच्या बल्बला एक कँडलपॉवर प्रकाशासाठी सुमारे एक वॉट लागायचा, नव्या मोठ्या दिव्यांना त्याच्या निम्मी वीज पुरायला लागली.

आता तुम्हीच सांगा, यातलं संशोधन कुठे संपलं आणि निर्मिती कुठे सुरू झाली? मला ती रेघ मारता येत नाही. आणि यात प्रयोगशाळेचे संचालक विलिस व्हिटनी यांचाही वाटा आहे. या सगळ्यातून कंपनीला काय मिळेल ते सांगता येत नाही, असं लँगम्यूर त्यांना मधूनमधून म्हणत. त्यातून काही मिळायलाच हवं असं नाही, असं व्हिटनी त्यांना सांगत. असा वरिष्ठ भेटणं हाही कारकिर्दीचा भाग असतो, आणि तो आपल्या हातात नसतो. आईवडिलांना मी हे आवर्जून सांगते, कारण मुलाच्या गुणांवरच सगळं अवलंबून असतं असं त्यांना वाटत असतं.

हायड्रोजनचे प्रयोगही वाया गेले नाहीत. फार तापलेली तार हायड्रोजनमध्ये अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता गमावते, कारण तिच्यावर हायड्रोजनचे रेणू फुटून अणू होतात. हे ज्ञान दशकभर तसंच राहिलं. मग 1920 च्या दशकात त्यातून वेल्डिंगची एक नवी पद्धत निघाली. दोन टंगस्टन कांड्यांमधल्या ठिणगीतून हायड्रोजन सोडायचा, त्याचे रेणू तिथे फुटतात आणि पुढे धातूच्या पृष्ठभागावर पुन्हा जुळताना घेतलेली सगळी उष्णता तिथेच ओततात.

पेटंटची बाजू मात्र नेहमी इतकी सरळ नसते. निर्वात नळीतून इलेक्ट्रॉनचा प्रवाह नेमका कसा वाहतो, याचा नियम लँगम्यूर यांनी 1913 मध्ये मांडला. क्लेमंट चाइल्ड यांनी आयनांसाठी तो आधीच काढला होता, म्हणून आज तो दोघांच्या नावाने ओळखला जातो. पूर्ण निर्वातातही प्रवाह चालतो, आणि व्होल्टेज चौपट केलं की तो आठपट होतो. या समजुतीवर उभ्या असलेल्या उच्च निर्वाताच्या नळीसाठी त्यांनी पेटंटचा अर्ज केला, तो 1925 मध्ये मंजूर झाला, आणि 1931 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवलं. न्यायालयाचं म्हणणं असं की पेटंट पद्धतीला आणि साधनाला मिळतं, ते का चालतं याच्या शास्त्रीय स्पष्टीकरणाला नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे असं मला वाटतं. पुढच्याच वर्षी, 1932 मध्ये, पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना नोबेल मिळालं. प्रश्न विचारणाऱ्यांनी ही दोन वर्षं शेजारी ठेवून बघावीत.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येते, कारण लँगम्यूर तिथे मला दररोज भेटतात. प्लाझ्मात थर्मामीटर घालता येत नाही. मग त्याचं तापमान कसं मोजायचं? त्यांनी आणि हॅरोल्ड मॉट-स्मिथ यांनी 1920 च्या दशकात यावर जी युक्ती बसवली ती आजही पहिली वापरली जाते. टंगस्टनची बारीक तार सिरॅमिकच्या नळीत बसवायची, टोकाचे काही मिलिमीटर उघडे ठेवायचे आणि ते प्लाझ्मात सरकवायचं. या तारेलाच प्रोब म्हणतात. मग तारेचं व्होल्टेज हळूहळू बदलत प्रवाह मोजायचा. तार खूप ऋण असताना फक्त आयन येतात आणि प्रवाह नाममात्र असतो. व्होल्टेज वाढवत नेलं की इलेक्ट्रॉन यायला लागतात आणि आलेख झपाट्याने चढतो. त्या चढावरून इलेक्ट्रॉनचं तापमान निघतं. आर्गॉनच्या साध्या प्रयोगात ते सहज 25–30 हजार अंश भरतं, आणि बाहेरची काच हाताला जेमतेम कोमट लागते, कारण एवढे तापलेले इलेक्ट्रॉन संख्येने थोडे आणि वजनाने नगण्य असतात.

प्रोब मळतो. तारेवर अदृश्य थर बसतो, आणि मग व्होल्टेज चढवताना एक आलेख येतो, उतरवताना दुसरा. असं झालं की तार भरपूर धन करायची, इलेक्ट्रॉनचा मारा तिच्यावर होऊ द्यायचा. टोक लाल होतं, थर जळून जातो, दोन्ही आलेख एकमेकांवर बसतात. नवीन मुलांना हे पहिल्यांदा दाखवते तेव्हा मला आजही मनापासून आनंद होतो.

लँगम्यूर यांच्याआधीही लोक अशा तारा घालत होते. तारेवर जे व्होल्टेज येईल तेच प्लाझ्माचं, असं ते धरून चालत. लँगम्यूर यांनी दाखवलं की तसं नसतं. इलेक्ट्रॉन चपळ असल्यामुळे कुठल्याही पृष्ठभागावर ते आधी पोचतात, पृष्ठभाग ऋण होतो, मग उरलेल्या इलेक्ट्रॉनना तो ढकलतो आणि आयनांना ओढतो. त्यामुळे प्लाझ्मा आणि भिंत यांच्यामध्ये एक पातळ थर तयार होतो. आम्ही त्याला शीथ म्हणतो. मापनातल्या चुकीचं कारण शोधताना हाती लागलेल्या या थरावर आज चिपचा सगळा उद्योग उभा आहे. सिलिकॉनवर अतिसूक्ष्म खाचा कोरायच्या तर आम्लाचा द्रव चालत नाही, तो आडवाही खात सुटतो. प्लाझ्मातले आयन मात्र शीथमध्ये वेग घेऊन पृष्ठभागावर सरळ काटकोनात उतरतात, म्हणून खाचेच्या भिंती उभ्या राहतात. तुमच्या फोनमधली चिप अशीच कोरलेली असते.

उतारवयात लँगम्यूर ढगांकडे वळले. 1946 मध्ये त्यांचे सहकारी व्हिन्सेंट शेफर यांनी कोरड्या बर्फाने (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडने) अतिशीत ढगात, म्हणजे शून्याखालीही पाणी न गोठलेल्या ढगात, हिमकण तयार करून दाखवले. तो शोध पक्का होता. पण 1947 मध्ये समुद्रावरच्या एका चक्रीवादळात कोरडा बर्फ टाकला गेला, वादळ वळून जॉर्जियाच्या किनाऱ्याकडे गेलं, आणि हे आपल्या प्रयोगामुळे झालं असं लँगम्यूर मानू लागले. वादळ त्याआधीच वळायला लागलं होतं, हे नंतर स्पष्ट झालं. बल्ब पुन्हा पुन्हा भरता येतो, रिकामा करता येतो, शेजारी न भरलेला बल्ब ठेवून तुलना करता येते. वादळाच्या बाबतीत यातलं काहीच शक्य नव्हतं, आणि त्यांची एरवीची शिस्त तिथे लागू पडेना. त्यांच्याबद्दलचा माझा आदर याने कमी होत नाही, पण ही हकीकत गाळून त्यांची कारकीर्द सांगणं मला पटत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. प्लाझ्मा शिकलेली मुलं आज चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतात, उपग्रहांच्या आयन इंजिनांवर करतात, धातूवरच्या कठीण लेपांवर करतात, आणि फ्यूजनवर, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्यावर, तर करतातच. यातल्या प्रत्येक ठिकाणी उपकरण घडवावं लागतं आणि ते का चालतं हेही समजून घ्यावं लागतं. माझ्याकडे यायचं असेल तर पहिल्या आठवड्यात मी पुस्तक देत नाही. टंगस्टनची तार, सिरॅमिकची नळी आणि व्होल्टेजचा स्रोत देते. प्रोब स्वतः बनवायचा, आलेख स्वतः काढायचा, आणि तो पुस्तकातल्यासारखा दिसला नाही तर तो का दिसला नाही ते मला येऊन सांगायचं.