झोपाळ्यावरून दिसेल तेवढा फोटो

घरातल्या तीन भिंतींवर केवढे फोटो लावायचे, ते ठरवतेय. मागच्या नोंदीत चांपानेरच्या फोटोची फाइल तयार होती, प्रिंट काढायची राहिली होती. दीड महिन्यानं लिहितेय. एक भिंत पूर्ण झाली, दुसरीवर अपेक्षेपेक्षा वेगळंच काही लागलं आणि तिसरीवर अजून मापाचे कोरे कागदच चिकटवलेले आहेत.

आधी चुकलेली प्रिंट. घरात १६×२० इंचांची एक चांगली सागवानी फ्रेम पडून होती, म्हणून त्याच मापाची प्रिंट मागवली. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो ३:२ प्रमाणातला, म्हणजे १६ इंच उंचीला रुंदी २४ इंच हवी. २० इंचांत बसवताना चार इंच गेले, चित्राचा सहावा भाग. जामी मशिदीचे मिनार शाबूत राहिले, पण डावीकडे धुक्यात उतरणारी पावागड डोंगराची कड गेली. त्या कडेसाठीच मी पहाटे बडोद्याहून निघाले होते. आपल्यापैकी बहुतेकांचे कॅमेरे ३:२ चे आहेत, त्यांना ८×१२, १२×१८, १६×२४, २०×३० ही मापं न कापता मिळतात. ८×१०, १६×२० किंवा १२×१५ घ्यायचं असेल तर फोटो काढतानाच कडेला जागा सोडावी लागते. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ चा असतो, त्याला १२×१६ किंवा १८×२४ नेमकं बसतं.

मग फ्रेम बाजूला ठेवली आणि भिंतीपासून सुरुवात केली.

आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं, जुनं. बैठकीच्या खोलीत झोपाळा आहे आणि त्याच्या समोरच्या भिंतीशी ४८ इंच रुंद, ३० इंच उंच कपाट. येणारा माणूस आधी झोपाळ्यावरच बसतो, म्हणजे फोटो तिथूनच पाहिला जाणार. झोपाळा स्थिर असताना डोळे भिंतीपासून सहा फुटांवर असतात, बेतानं झोका घेतला की पाच ते सात फुटांच्या दरम्यान फिरतात. चित्राच्या कर्णाच्या दीडपट ते दुप्पट अंतरावरून ते एका नजरेत मावतं, असा ठोकताळा आहे. २०×३० चा कर्ण ३६ इंच, म्हणजे साडेचार ते सहा फूट. २४×३६ चा ४३ इंच, म्हणजे साधारण साडेपाच ते सव्वासात फूट. कागदावर दोन्ही चालण्यासारखे.

म्हणून वह्यांना घालायच्या ब्राऊन पेपरचे ताव जोडून दोन्ही मापं कापली आणि चार-चार दिवस भिंतीवर लावून ठेवली. २४×३६ उभ्यानं पाहताना छान वाटत होता, पण झोपाळा पुढे आला की अंगावर यायचा. माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) धरून तो ४० इंच झाला असता, खालचं कपाट त्याच्यापुढे बारकं दिसलं असतं. २०×३० माउंटसकट ३४ इंच होतो, कपाटाच्या दोन तृतीयांशाहून थोडा जास्त. तोच ठरला.

मेगापिक्सेलची काळजी मी उगाच करत होते. माझी फाइल ६०००×४००० ची. ३०० पीपीआय (इंचामागे पिक्सेल) हवेच असं धरून बसलं तर २० इंचांवर थांबावं लागतं. पण सामान्य दृष्टीला किती पीपीआय पुरतील हे काढायला ३४३८ ला इंचांतल्या अंतरानं भागायचं. पाच फुटांवरून ५७ पुरतात, माझ्या प्रिंटला २०० मिळाले. अर्थात, माणसं जवळ जाऊनही बघतात. फत्तेसिंहराव संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं पाहताना मी दर वेळी हेच करते: आधी मागे सरून अख्खं चित्र, मग साडीच्या काठाची जर बघायला पुढे. म्हणून हिशेबात पुरेल त्यापेक्षा भरपूर पिक्सेल हाताशी असावेत, असं माझं मत.

उंचीचं गणितही झोपाळ्यानंच बदललं. गॅलऱ्यांमध्ये चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवतात, तो उभ्या माणसासाठी. बसलेल्याचे डोळे ४६ इंचांच्या आसपास येतात. मी मध्य ५२ वर घेतला, कपाट आणि फ्रेम यांत दहा इंच मोकळे राहिले.

वजन आधी काढा. काच दर चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो भरते. २४×३४ च्या फ्रेमला दोन मिलिमीटरची काचच अडीच किलोंच्या वर गेली असती. आमचा चुन्याचा गिलावा भुसभुशीत आहे, म्हणून अॅक्रिलिक घेतलं, ते जवळपास निम्म्या वजनाचं. माउंट मात्र सोडू नका, त्यानं फोटो काचेपासून लांब राहतो. पावसाळ्यात काचेला टेकलेला फोटो तिला चिकटतो आणि मग सोडवताना पापुद्रा निघतो. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावलेत, ओलसर भिंतीपासून हवा खेळती राहते.

दुसरी भिंत सासूबाईंच्या खोलीतली. त्यांच्या लग्नानंतरचा स्टुडिओतला फोटो आहे, पोस्टकार्ड साइजचा, साडेतीन बाय साडेपाच. ६०० आणि १२०० डीपीआयवर (इंचामागे ठिपके) स्कॅन करून पाहिला. दुसऱ्या फाइलमध्ये पिक्सेल चौपट आले, पण शालूच्या काठाचा एकही धागा जास्त उलगडला नाही, कागदाचा पोत तेवढा ठळक झाला. त्यामुळे मी ५×७ वर थांबणार होते, टोकदारपणा टिकावा म्हणून.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, मला ह्यांचा चेहरा पलंगावरून दिसायला हवा."

पलंगापासून भिंत सात फुटांवर. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. मूळ फोटोत चेहरा जेमतेम दीड सेंटीमीटरचा. झेरॉक्सवाल्याकडून ए-फोर आणि ए-थ्री वर साध्या प्रिंट काढून आणल्या आणि एकेक लावली. ए-फोरवर चेहरा तीन सेंटीमीटरचा झाला, त्यांना टोपी दिसली, डोळे नाहीत. ए-थ्रीवर त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि अजून थोडा मोठा कर म्हणाल्या. १२×१८ काढला, मॅट कागदावर, खालून फोटोतला बोटभर गालिचा कापून. आता चेहरा पाच सेंटीमीटर आहे. मी जवळ गेले की मला दाणे दिसतात. त्यांना पलंगावरून चेहरा दिसतो.

तिसरी जागा म्हणजे जिन्याकडे जाणारा बोळ, तीन फूट रुंद. तिथं मागे सरकायला वावच नाही, म्हणून ८×१२ चे तीन. कर्ण साडेचौदा इंच, अंतर दोन-अडीच फूट, बसतंय. मांडवीच्या दरवाज्याचे फोटो निवडलेत. कागद परवा लावले, कोपऱ्यातला येता-जाता खांद्याला लागतो, तो चार इंच वर घ्यायचा आहे. फ्रेम झाल्या की मापं टाकते.