म्हाताऱ्या डेस्कटॉपला एसएसडी

आज अखेर जुन्या डेस्कटॉपमध्ये एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) टाकली आणि मशीन ओळखूच येईना, आधी चालू करून आंघोळ उरकून आलो तरी हार्ड डिस्क कुरकुरतच असायची, आता खुर्ची ओढून बसेपर्यंत डेस्कटॉप समोर. मदरबोर्ड जुना, एनव्हीएमईचा (जास्त वेगवान एसएसडीचा) स्लॉटच नाही, म्हणून साधी २.५ इंची साटावाली (जुन्या प्रकारच्या जोडणीची) घेतली, तिचा स्पीड सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडतो पण खरा फरक त्यात नाहीच, बारीकसारीक फाइली शोधायला हार्ड डिस्कला हेड इकडून तिकडे पळवावं लागतं, ती भानगडच इथे नाही. बजेट कमी असेल तर पहिला पैसा इथेच घाला, ग्राफिक्स कार्डचं नंतर बघू.

रॅम पण ४ ची ८ जीबी केली, वापरलेलीच घेतली. डीडीआर३ म्हणजे रॅमची जुनी पिढी आहे, त्यामुळे बघून घ्यावी लागते, डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही. जाताजाता प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली, उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदलली, आणि बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पण, कारण घड्याळ सारखं चुकायचं. धूळ किती निघाली ते विचारू नका 😅

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, ते याच्याकडे नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला, मग सरळ लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. मस्त चाललंय. फक्त प्रिंटर अजून रुसलाय, कोणी मिंटवर जुना प्रिंटर चालवला असेल तर सांगा रे.