मूळ जागा कुठली?

देवळाच्या जोत्याला लागून सात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, ओळीने उभे होते. खाली सिमेंटचा कट्टा, त्यावर पांढरी फरशी, आणि प्रत्येक दगड ऑइलपेंटने रंगवलेला. वीर भगवे, घोडे पिवळे, वरचे सूर्य-चंद्र चंदेरी. देवस्थान कमिटीतल्या मामांनी अभिमानाने सगळे दाखवले. "ही सगळी शिवारात पडल्याली वो. कुनी बांधाला लावल्याली, कुनी धुनं धुवायला. आम्ही गोळा केली आनि मानानं बसीवली."

मामांचं चुकलं असं म्हणायला तेव्हा जीभ रेटली नाही, आजही रेटत नाही. त्यांनी उचलले नसते तर यातले दोन-तीन तरी एव्हाना कुणाच्या घराच्या पायात गेले असते. पण आम्ही गावोगावच्या अशा जुन्या दगडांची नोंद करतो; माझ्या हातातल्या फॉर्मवर 'मूळ जागा' असा एक रकाना आहे, आणि त्या संध्याकाळी तो सात वेळा रिकामा राहणार असं दिसत होतं.

पौषातले चार दिवस आम्ही दोघं मोटारसायकलवरून फिरत होतो. मी आणि माझा एक कॉलेजातला मित्र. त्याची जुन्या लिप्यांवर चांगली नजर आहे, माझा हात मापं घेण्यात बसलाय. सामान थोडंच: टेप, ओळंबा, मऊ कुंचला, दोन टॉर्च, एक काळी घोंगडी आणि फॉर्मचा गठ्ठा. फुलेवाडी, बालिंगा करत गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली आणि गुऱ्हाळांचा वास पार अंगात मुरत होता.

हे काम आम्ही पहिल्यांदा करतोय असं मुळीच नाही. मेजर ग्रॅहम या इंग्रज अधिकाऱ्याने १८५४ मध्ये कोल्हापूर संस्थानाचा अहवाल छापला, त्यात शिलालेखांची नोंद आहे. राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदणगार यांनी १९३९ मध्ये उत्तर कर्नाटक आणि कोल्हापूर संस्थानातले शिलालेख प्रसिद्ध केले. त्यांच्या नोंदी हाताशी असल्या की गावात शिरताना धीर येतो. पण शिलालेख असलेला दगड मोठ्या माणसाच्या नजरेत भरतो. ज्याच्यावर एकही अक्षर नाही असा वीरगळ, सतीशिळा, शापाचा गधेगळ, पडलेल्या देवळाची एखादी चौकट, हे तसंच राहतं. जिल्ह्यात बारा तालुके आहेत आणि असे मुके दगड प्रत्येक तालुक्यात आहेत. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, त्या दिवशी मलाही भरून आलं. पन्हाळ्याला विचारणारं कुणीतरी आहे. पाणंदीतल्या दगडाला कोण आहे?

त्या रात्री देवळाच्या सोप्यातच मुक्काम केला. जेवणं झाल्यावर मित्र म्हणाला, एकदा उजेड टाकून बघू. दगडावर घोंगडी धरली, आत शिरलो आणि टॉर्च दगडाला अगदी घासून आडवी लावली. वाचणाऱ्यांपैकी कुणाला असा दगड भेटला तर एवढं जरूर करून बघा. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट होतं. उजेड तिरका आला की झिजलेल्या रेघेलासुद्धा सावली पडते.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली मेलेला वीर, त्यावर लढाई, त्यावर दोन्हीकडून धरून त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवपिंडीची पूजा. शेंड्याला कलश आणि सूर्य-चंद्र, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहील. डावीकडून तिसरा दगड साडेतीन फुटांचा होता, काळ्या पाषाणाचा. त्याच्या खालच्या पट्टीत वीराच्या पायाशी चार फुगीर आकार होते. रंगवणाऱ्याने झुडपं समजून ते हिरवेगार करून टाकले होते. उजेड आडवा सरकवत नेला तसं त्या पहिल्या झुडपाला शिंग फुटलं. मग वशिंड. मग मान खाली घातलेलं तोंड, मागे शेपटी. चारही गाई होत्या. हा माणूस गोधन सोडवताना पडला होता. आम्ही दोघंही घोंगडीत थोडा वेळ काहीच बोललो नाही.

आता प्रश्न एकच. गाई कुठून चालल्या होत्या?

सकाळी तो दगड कुठला म्हणून गावभर विचारत फिरलो. बहुतेकांचं उत्तर एकच, "शिवारातलाच की." एका घराच्या परड्यात शेण लावत बसलेल्या आज्जीनं मात्र हात थांबवला.

"शिंगं असल्याला व्हय? त्यो नव्हं का वगळीवरचा म्हसोबा!"

"आज्जी, शिंगं तुम्हाला माहीत होती?"

"माझं लगीन झालं तवा रंग कुठं हुता त्याला? आमी भांगलाय जाताना ऊद लावायचो. माझ्या सासऱ्यानं त्यो गाडीत घालून देवळापाशी आनला. मला इचारलं न्हाई कुनी." थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही तरी इचारलासा."

तिचा नातू आमच्याबरोबर आला. गावापासून मैलभर पश्चिमेला, जुन्या पाणंदीने, दोन्ही बाजूंना घाणेरीची दाटी. वगळ, म्हणजे छोटा ओढा, ओलांडायच्या जागी त्यानं खुरप्याने पाला बाजूला केला, तर खाली बसवलेला एक चौकोनी दगड आणि त्यात कोरलेली खाच. टेप लावला. सकाळी देवळाजवळ कट्ट्याच्या फटीतून त्याच वीरगळाच्या बुडाचं जेवढं माप मिळालं होतं, ते या खाचेत बोटभर मोकळीक ठेवून बसत होतं. होकायंत्र धरलं. वीराचं तोंड पूर्वेला, गावाकडे असणार. आणि पाठ पश्चिमेला, जिकडे ही पाणंद घाटाकडे चढत जाते.

गगनबावड्याखालून भुईबावडा आणि करूळ हे दोन घाट कोकणात उतरतात, आणि खाली खारेपाटण आहे. शिलाहार राजांच्या काळापासून देश आणि कोकण यांची ये-जा याच बाजूने चाललेली. त्या वाटेवर, पाण्याच्या उतारावर, गुरं पळवणारे आणि गुरं राखणारे समोरासमोर आले होते. देवळाच्या कट्ट्यावर हा दगड नुसता 'कुणीतरी वीर' होता. वगळीवर उभं राहिल्यावर त्याला वाट मिळाली, पाणी मिळालं, आणि शत्रू कुठल्या दिशेने आला तेही मिळालं. गट नंबर, अक्षांश-रेखांश, खाचेची लांबी-रुंदी-खोली, सगळं तिथंच उभ्या उभ्या लिहिलं.

तिथंच लिहायचं, याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी एका ओढ्याकाठी गधेगळ पाहिला होता. दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याला शाप देणारा दगड तो. खाली पाच ओळी अक्षरं. फोटो काढले, आणि ठिकाणाचा रकाना रात्री खोलीवर जाऊन भरू म्हणून सोडला. रात्री थकून झोपलो. चार महिन्यांनी परत गेलो तेव्हा रस्ता रुंद होऊन ओढ्यावर मोरी झाली होती, काठ भरावाखाली गेलेला. फोटोत पाच ओळी आहेत आणि मागे एक बाभळीची फांदी. ती जमीन कुठली होती, कुणाला दिली होती, हे आता त्या फोटोवरून कसं सांगायचं? आजही तो फोटो उघडताना पोटात कालवतं.

जागेचं मोल किती असतं ते बघायचं तर कोल्हापूरकरांना लांब जायला नको. टाउन हॉलच्या संग्रहालयात पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, एक छोटी ब्राँझची मूर्ती आहे. १९४४-४५ च्या सुमाराला कुंदणगारांच्या खोदकामात ती पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडली. मग १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजकडून सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं. हीच मूर्ती एखाद्या दुकानात मिळाली असती तर हौसेची वस्तू म्हणून कपाटात गेली असती. ती ब्रह्मपुरीत, सातवाहन काळाच्या थरांतल्या वस्तूंसोबत मिळाली, म्हणून आपण छातीठोकपणे सांगू शकतो की दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा हात रोमन व्यापारापर्यंत पोचलेला होता.

दुपारनंतर असळजवरून पळसंब्याला गेलो. ओढ्याकाठच्या गर्द झाडीत अखंड कातळ कोरून केलेली छोटी देवळं आहेत, रामलिंग म्हणतात. इथं मात्र मूळ जागेचा रकाना भरायला काही विचारावं लागत नाही, कातळ कुठं हलणार? तरी मापं घ्यायला अंधार पडेपर्यंत लागलं, कारण ओल आणि शेवाळ्यामुळे कुठली कड कोरलेली आणि कुठली झिजलेली हे हाताने चाचपून ठरवावं लागत होतं. पाण्याचा आवाज सोडला तर शांत. पुन्हा एकदा फक्त तेवढ्यासाठी जाईन.

तिसऱ्या दिवशी परतताना बीडला थांबलो. करवीर तालुक्यातलं हे गाव, कल्लेश्वराचं देऊळ आणि आजूबाजूला वीरगळ. इथल्या शेतात पावसाळ्यात सोन्याची बारीक नाणी सापडतात, गावकरी त्यांना बेडा म्हणतात. नाण्याची गोष्ट निघाली की सगळे जरा जपून बोलतात, आणि ते मी समजू शकतो. कायदा १८७८ चा आहे. जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पण कळवणाऱ्याला नुसती भीती वाटू नये, त्याच्या शेताचं नाव नोंदीत मानाने यावं, असं मला फार वाटतं. नाणं वितळलं की सोनं उरतं. ते कुठल्या बांधाजवळ, किती खोलीवर, खापराच्या तुकड्यांसोबत की एकटंच मिळालं, हे सगळं मुशीत जातं.

चौथा दिवस शिरोळ तालुक्याच्या टोकाला, कृष्णेकाठी, खिद्रापूर. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांब आहेत, मधोमध बारा खांबांच्या वर्तुळावर छत उघडं आणि त्यातून आभाळ. त्यावर इतक्यांनी इतकं लिहिलंय की मी थांबतो. मी गेलो होतो दक्षिण दारापाशी. तिथं यादव राजा सिंघण याचा देवनागरी लेख आहे, शके ११३६ चा, म्हणजे इ.स. १२१३-१४. मिरिंजी, म्हणजे मिरज, देशातलं कुडलदामवाड हे गाव कोपेश्वराला दिल्याचा. आठशे वर्षं झाली, लेख ज्या देवाच्या दानाचा त्याच देवाच्या दारात आहे. देऊळ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित असल्यामुळे आम्ही ठसा घेतला नाही, त्याला रीतसर परवानगी लागते. नुसतं बघत बसलो. मित्र एकेक अक्षर पुटपुटत वाचत होता. एक आई मुलाला घेऊन आत जाताना थांबली, "काय लिहिलंय ओ?" म्हणाली. त्याने सांगितलं. तिने मुलाचा हात धरून लेखाला लावला नाही, लांबूनच जोडायला लावला. मला ते फार आवडलं.

कोल्हापूरला पोचतोय तोवर मामांचा फोन. आज्जीने आम्हाला वगळीवर पाठवलेलं गावात पसरलं होतं. "पाव्हणं, ते कोपऱ्यातलं दोन दगड हाईत बघा, ते वरल्या वाडीच्या मान्सांनी आनल्यालं. त्येंच्यात एक म्हातारा हाय, नव्वदीचा. त्येला जागा ठावं हाय म्हनत्यात. पर आता चालायला व्हत न्हाई."

"मामा, खुर्चीत बसवून ट्रॅक्टरने नेता येईल का त्यांना?"

"न्हिऊ की! त्यात काय." मग जरा आवाज उतरवून, "आनि त्यो रंग वो. काडायचा का?"

काढू नका म्हणालो. तारेच्या ब्रशने किंवा ॲसिडने घासलं तर रंगाबरोबर शिंगंही जातील. जाणकार माणूस आणून, हळूहळू काढू. तोवर पुन्हा नवा हात मारू नका, एवढंच.

"बरं," मामा म्हणाले. "मग रविवारी या. सकाळी लवकर या, म्हातारा दुपारी झोपतो."

रविवारी निघतोय. फॉर्म नवे छापून घेतलेत. 'मूळ जागा' हा रकाना आता पहिल्या पानावर घेतलाय, आणि त्याखाली एक ओळ वाढवली आहे: जागा दाखवणारी व्यक्ती. पहिल्या फॉर्मवर त्या ओळीत आज्जींचं नाव लिहून झालंय, त्यांना विचारून.