टिपूचा पाऊस

"मामा, तो वरचा माणूस सुसू करतोय का?"

भाची कुजबुजत म्हणाली, पण त्या खोलीत कुजबुजसुद्धा मोठ्यानं ऐकू येते. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंगात डोळा घातला. मी भाचीला मानेनंच हो म्हटलं. करतोय. टिपू सुलतान श्रीरंगपट्टणच्या तटावर उभा राहून खाली पळणाऱ्या इंग्रज फौजेवर सुसू करतोय. आणि हे चित्र काढणारा इंग्रज, छापणारी इंग्रज, पैसे मोजून विकत घेणारेही इंग्रज.

हे चित्र प्रत्यक्ष बघावं अशी इच्छा कित्येक वर्षं मनात होती. बहीण-मेहुणे लंडनला आहेत, भाची तिथेच शिकते, तेव्हा यंदा तिकीट काढलं. ब्रिटिश म्युझियममध्ये पर्यटक ममी बघायला गर्दी करतात. पण उत्तरेकडच्या दारानं आत शिरून वरच्या मजल्यावर गेलं, तर नव्वद नंबरच्या दालनाला लागून छापचित्रांची अभ्यासिका आहे. आधी वेळ मागून घ्यायची, ओळखपत्र दाखवायचं, बॅग ठेवायची, हात स्वच्छ करायचे. पैसे एक पेनी नाही. मी सवयीनं खिशातलं पेन काढलं, तर तिथल्या मुलानं हसत पेन्सिल पुढे केली. शाई इथे वर्ज्य. मग सपाट, काळ्या पेट्या आल्या आणि त्यांतून जाड पुठ्ठ्यावर बसवलेले एकेक कागद.

छापील पुस्तकात किंवा मोबाइलवर ही चित्रं बघणं आणि कागद समोर असणं यांत फार फरक पडतो. हे चित्र काढणारा व्यंगचित्रकार जेम्स गिलरे तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईनं चित्र कोरायचा, तेही उलटं, आरशात दिसावं तसं. अक्षरंसुद्धा उलटी. मग पत्रा तेजाबात. सुईनं जिथे मेण खरवडलं असेल तिथेच तेजाब तांबं खातं. त्या चऱ्यांत शाई भरायची, ओलसर कागद ठेवायचा आणि रुळांच्या दाबाखालून काढायचा. कागद तिरका धरून पाहिला की चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा खोलगट चौकोन दिसतो. सव्वादोनशे वर्षांत कागद पिवळा पडला, पण तो दाब गेलेला नाही. माझं बोट नकळत पुढे सरकलं आणि मीच ते मागे घेतलं.

खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: अमुक तारखेला, अमुक पत्त्यावर, अमुक यांनी प्रसिद्ध केलं. १७३५ च्या कायद्यानं कोरीव चित्रांवर हक्क मिळवायचा तर ही ओळ लागायची. त्यामुळे या चित्रांना वर्तमानपत्रासारखी तारीख असते. टिपूच्या चित्राची तारीख ६ डिसेंबर १७९१, प्रकाशक एच. हम्फ्री, ओल्ड बाँड स्ट्रीट. शीर्षकाचं मराठी करायचं तर 'मान्सूनचं आगमन, अर्थात श्रीरंगपट्टणहून माघार'. लॉर्ड कॉर्नवॉलिस गाढवावर बसून पळतोय आणि वरून टिपूचा मान्सून कोसळतोय. अमेरिकेत यॉर्कटाउनला १७८१ साली ज्याच्या फौजेनं शस्त्रं ठेवली, तोच हा कॉर्नवॉलिस. दहा वर्षांनी हिंदुस्थानातही पाय लावून पळाला, ही बातमी लंडनच्या खवचट लोकांना किती गोड लागली असेल!

पळाला हे खरंच. मे १७९१ मध्ये तो श्रीरंगपट्टणच्या दाराशी पोचला, लढाईही जिंकला. पण पाऊस लवकर आला, कावेरी चढली, बैल हजारोंनी मेले, धान्य संपलं. तोफा ओढायला जनावर उरलं नाही, तेव्हा वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच फोडून त्यानं पाठ फिरवली. ती बातमी जहाजानं लंडनला पोचेपर्यंत महिनेच्या महिने गेले. गिलरेनं ना पावसाळा पाहिला होता, ना कावेरी, ना टिपू. तरी 'मान्सून' हा शब्द त्यानं असा काही वापरलाय, की मला तासगावातला आमचा सगळा कट्टा आठवला.

आता तासगाव मध्येच का आलं, तर माझं गाव म्हणून. आमच्या गणपतीच्या देवळाला दाक्षिणात्य पद्धतीचं सात मजली गोपूर आहे. सांगली-मिरजेच्या पट्ट्यात असलं गोपूर उगवलं कुठून, हा प्रश्न लहानपणी पडायचा आणि उत्तर एकच मिळायचं: परशुरामभाऊंनी बांधलं. परशुरामभाऊ पटवर्धन कर्नाटकच्या मोहिमांवर गेले, तिकडची देवळं पाहून आले आणि गावात गोपूर उभं केलं. त्या मोहिमांतली एक हीच. १७९० साली पेशवे, निजाम आणि इंग्रज टिपूविरुद्ध एक झाले. भाऊंनी धारवाडचा वेढा कित्येक महिने चालवला आणि मग ते आणि पेशव्यांचे दुसरे सरदार हरिपंत फडके श्रीरंगपट्टणकडे निघाले. जासूद पाठवले, पण टिपूच्या लोकांनी ते वाटेतच अडवले. कॉर्नवॉलिसला पत्ताच नाही की मराठे इतके जवळ आलेत. तोफा फोडून, उपाशी फौज घेऊन तो मागे फिरला आणि मेलुकोटेच्या बाजूला अचानक घोडेस्वार दिसले. इंग्रजांना वाटलं, टिपूचेच. निघाले हरिपंत आणि भाऊ.

मराठ्यांच्या छावणीबरोबर अख्खा बाजार चालायचा. मार्क विल्क्स या इंग्रज लेखकानं त्याचं वर्णन करून ठेवलंय. त्यात विलायती बनात आहे, बर्मिंगहॅमचे चाकू आहेत, काश्मिरी शाली आहेत, हिरे आहेत आणि कुठल्या तरी गरीब पोरीच्या कानातून ओरबाडलेली चांदीची बाळीही आहे. ती बाळी वाचल्यावर अभिमानाला जरा लगाम बसतो. पण धान्य होतं, बैल होते, आणि इंग्रजांची फौज तगली ती त्या बाजारावर.

तर मी भिंग घेऊन गिलरेच्या चित्रात मराठे शोधत होतो. एखादं पागोटं, एखादा भाला, कोपऱ्यात एखादा बैल. काही नाही. तट, टिपू, गाढव, लॉर्ड, पळापळ. संपलं.

"मामा, अजून किती वेळ?" भाचीनं विचारलं.

बराच, असं सांगितलं आणि पुढची पेटी उघडायला दिली.

दुसऱ्या पेटीत फ्रान्स होता. ही चित्रं जगप्रसिद्ध, तरी पहिल्यांदा बघताना पोट ढवळतं. सप्टेंबर १७९२ च्या पहिल्या आठवड्यात पॅरिसच्या तुरुंगांत कैद्यांची कत्तल झाली आणि २० सप्टेंबरला गिलरेनं 'पॅरिसमधलं छोटंसं जेवण' बाजारात आणलं. क्रांतिकारकांचं कुटुंब माणसं खातंय. म्हातारी शेकोटीवर मूल भाजतेय, पोरं बादलीतली आतडी चघळतायत. या क्रांतिकारकांना म्हणायचे सां-क्युलॉत, म्हणजे उमरावी तोकडी विजार न घालणारे, साधी लांब विजार घालणारे कष्टकरी. गिलरे शब्दाला धरून बसला: विजार नाही म्हणजे काहीच नाही. उघड्या ढुंगणाची क्रांती! सोळाव्या लुईला २१ जानेवारी १७९३ रोजी गिलोटिनवर चढवलं, आणि तीन आठवड्यांनी आलेल्या चित्रात असाच एक नागडा गडी दिव्याच्या खांबावर बसून फिडल वाजवतोय, पाय फासावर लटकलेल्या पाद्र्याच्या डोक्यावर, मागे चर्च जळतंय.

त्याच बैठकीत थॉमस रोलंडसनचं 'काँट्रास्ट'ही पाहिलं. डाव्या गोलात ब्रिटिश स्वातंत्र्य, देवीसारखी शांत बसलेली बाई. उजव्या गोलात फ्रेंच स्वातंत्र्य, मुंडकं घेऊन धावणारी हडळ. क्रांतीविरोधी मंडळींनी वाटायला काढलेला हा प्रचार. रोलंडसन एरवी इतका मोकळ्या हाताचा चित्रकार, इथे शाळेतल्या तक्त्यासारखा सरळ बसलाय. मला कंटाळा आला. गिलरेलाही तशी कामं मिळालीच. पण डिसेंबर १७९२ च्या त्याच्या चित्रात फाटका फ्रेंच माणूस कच्चा कांदा खात स्वातंत्र्याचे गोडवे गातो आणि शेजारी ढेरपोट्या इंग्रज गोमांसाचा डोंगर कापता कापता करांच्या नावानं बोटं मोडतो. हसायचं फ्रेंचाला, पण माझी नजर त्या इंग्रजाच्या हनुवटीवरून हलेना. गिलरेचा हात कुणाच्याही बाजूनं उभा राहिला तरी दुसऱ्या बाजूला ओरखडा काढल्याशिवाय थांबत नाही. टिपूच्या चित्रानंतर दोनच आठवड्यांनी त्यानं आपल्याच पंतप्रधान पिटला उकिरड्यावर उगवलेलं अळंबं केलं, आणि त्या अळंब्याची मुळं म्हणजे राजमुकुट!

अर्थात हा गडी धुतल्या तांदळासारखा नव्हता. १७९७ पासून त्याला सरकार पक्षाकडून वर्षाला दोनशे पौंड तनखा मिळू लागला आणि त्यानंतर विरोधकांवरचे फटकारे वाढले. तनखा घेऊनही पिटचं नाक त्यानं कधी छोटं केलं नाही, एवढं मात्र खरं. १८०५ च्या त्या प्रसिद्ध पुडिंगच्या चित्रात पिट आणि नेपोलियन पृथ्वीचा गोळा कापून खातात. तिथेही नीट पाहा: नेपोलियन युरोपचा तुकडा तोडतोय, आणि पिटच्या काट्याखालचा समुद्राचा तुकडा त्याहून मोठा आहे.

दुपारी बाहेर पडलो तर पाऊस. लंडनचा, म्हणजे छत्री उघडावी तर थांबणारा आणि मिटावी तर सुरू होणारा. भाचीला कॉफी आणि केक पाजून-खाऊ घालून सेंट जेम्सेस स्ट्रीटला नेलं. हॅना हम्फ्री ही प्रकाशिका लग्न न करताही मिसेस म्हणून ओळखली जायची. १७९७ मध्ये तिनं दुकान इथे, २७ नंबरला आणलं. गिलरे वरच्या मजल्यावर राहायचा. खाली काचेत ताजी चित्रं लटकायची आणि फुटपाथवर गर्दी व्हायची. साधा छाप एखादा शिलिंग, हातानं रंगवलेला दोन किंवा जास्त. मजुराला हे परवडणारं नव्हतं, पण काचेतून बघायला पैसे पडत नव्हते. पिकॅडिलीतला फोर्स नावाचा दुकानदार तर चित्रांचे गठ्ठे संध्याकाळपुरते भाड्यानं द्यायचा. आपल्याकडे एकेकाळी व्हीसीआर आणायचे, तसंच की!

आता त्या जागेच्या आसपास १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या, कापलेल्या कोपऱ्यांच्या करड्या इमारती आहेत. 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाचं ऑफिस पन्नासेक वर्षं तिथे होतं. समोरच्या अंगाला ब्रुक्स क्लब, वर चढावर व्हाइट्स, खाली उताराच्या टोकाला राजवाडा. म्हणजे ज्यांची खिल्ली उडवायची ती सगळी गिऱ्हाइकं दारातूनच जायची-यायची. भरदुपारी पिटचा विरोधक, पुढारी फॉक्स स्वतःचं सुजलेलं तोंड काचेत बघत उभा असेल, या कल्पनेनं मी तिथे एकटाच हसलो. एक सुटाबुटातले गृहस्थ माझ्याकडे बघून अंतर ठेवून गेले.

गिलरेनं हे दुकानही चित्रात घातलंय. १८०८ चं. काचेपुढे बघ्यांची गर्दी, आणि पुढे ओल्या फरसबंदीवर एक म्हातारा उताणा पडलाय. विग उडालेला, खिशातली नाणी सांडलेली, हातातला थर्मामीटर मात्र शाबूत. मागची एकही मान वळलेली नाही. चित्र बघताना माणसं किती निर्दय होतात, हे त्यानं स्वतःच्या गिऱ्हाइकांवर काढलं आणि त्यांनाच विकलं. पुढे नजर अधू झाली, डोकं फिरलं, एकदा वरच्या खिडकीतून उडी टाकायला निघाला. १ जून १८१५ रोजी, वॉटर्लूच्या सतरा दिवस आधी, तो गेला. चालत पाच-सात मिनिटांवर पिकॅडिलीतल्या सेंट जेम्स चर्चच्या आवारात त्याला पुरलं. त्या आवारात आता दागिने आणि स्कार्फ विकणाऱ्यांचे ठेले असतात. भाचीनं कानातलं घेतलं.

लेडनहॉल स्ट्रीटला जायचं राहू द्यावं, असं तिचं मत पडलं. मी ऐकलं नाही. ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्य कार्यालय होतं तिथे आता लॉइड्सची पोलादी इमारत आहे, नळ आणि जिने अंगाबाहेर काढून उभी. डिसेंबर १७८३ मध्ये जेम्स सेयर्स या व्यंगचित्रकारानं या दारात, तेव्हा मंत्री असलेल्या फॉक्सला मुघली पोशाखात हत्तीवरून आणलं होतं. हत्तीला तोंड होतं सरकारातला त्याचा जोडीदार लॉर्ड नॉर्थचं, आणि पुढे तुतारी फुंकत त्याचा साथीदार एडमंड बर्क. फॉक्सला कंपनीवर सरकारी लगाम घालायचा होता. चित्रानं बोंब ठोकली की हा हिंदुस्थानच गिळणार. दोनच आठवड्यांत ते विधेयक उमरावांच्या सभागृहात पडलं. ते पाडण्यात राजाचा हात मोठा होता, पण संसदेतल्या सगळ्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी आपलं जास्त नुकसान केलं, असं फॉक्स म्हणाल्याचं सांगतात. हिंदुस्थानचा कारभार कुणी करावा हा वाद, आणि चित्रभर हिंदुस्थानी म्हणावा असा फक्त हत्ती. तोही नॉर्थच्या तोंडाचा.

रात्री घरी आल्यावर टिपूच्या चित्राचा फोटो तासगावच्या मित्राला पाठवला. अभ्यासिकेत फ्लॅशशिवाय स्वतःपुरता फोटो काढू देतात. मित्र बेदाण्याचा व्यापारी, पहाटे पाचला उठणारा. पहिला मेसेज आला, त्यात नुसती हसणारी तोंडं होती. मग लगेच: "ह्यात भाऊ कुठायत?"

मी सगळं लिहून पाठवलं. भाऊ चित्राच्या बाहेर आहेत, मेलुकोटेकडे. इंग्रज उपाशी होते, आपल्या बाजारात धान्य होतं, त्यावर त्यांची फौज जगली.

दोन निळ्या खुणा झाल्या. बराच वेळ तो टाइप करत होता. मला वाटलं, गोपुराबद्दल काही लिहील.

"दर काय लावला होता?"

चढा, मी लिहिलं. इंग्रजांनी त्याची तक्रार लिहून ठेवलीये.

त्यानं अंगठा पाठवला.