दाभोलकरांचं पाकीट

वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागात मी कात्रणं लावायचो. लोकांना वाटतं, कात्री आणि डिंक आला की झालं. पण चुकीच्या पाकिटात गेलेलं कात्रण हरवल्यातच जमा.

20 ऑगस्ट 2013ला सकाळीच फोन आला, "दाभोलकरांचं पाकीट काढ." म्हटलं, विधेयक परत लटकलं वाटतं. "गोळ्या घातल्या रे. ओंकारेश्वरापाशी, शिंदे पुलावर. फिरायला गेले होते."

कपाटात पाकिटं दोन. नरेंद्र दाभोलकर या नावाचं बारीक: साताऱ्याचे डॉक्टर, कबड्डी, 1989ची अंनिस म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समिती, 'साधना' साप्ताहिक. दुसरं, ज्यासाठी ते झगडत होते ते 'जादूटोणाविरोधी विधेयक', सुतळीने बांधलेलं. फोटोंचं मात्र रिकामं! आमचे वार्ताहर फोटो नेतात ते शेजारणीने उसनी साखर न्यावी तसे.

दुसऱ्या दिवशीची कात्रणं नियमाप्रमाणे 'गुन्हे–पुणे–खून'मध्ये लावली. रात्री झोप लागेना. सकाळी येऊन सोडवायला गेलो तर डिंक वाळलेला. पुलाच्या फोटोचा कोपरा फाटला. तसाच विधेयकाच्या पाकिटात चिकटवला. साहेब म्हणाले, "खून हा खूनच असतो." बरोबरच होतं त्यांचं. मी ऐकलं नाही.

24 ऑगस्टला वटहुकूम निघाला. 'विधेयक' खोडून 'वटहुकूम' लिहिलं, डिसेंबरात तेही खोडून 'कायदा'. अठरा वर्षं फुगत आलेल्या पाकिटाचं नाव चार दिवसांत बदललं. 'पुढच्या अधिवेशनात घेऊ' म्हणणाऱ्या सगळ्या पक्षांना तेव्हा मी मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

2014मध्ये पोलिसांनी तपासासाठी प्लँचेट केल्याचा, म्हणजे मृताचा आत्मा बोलावल्याचा आरोप झाला, पोलिसांनी तो फेटाळला. ते कात्रण हातात धरून मी बराच वेळ बसलो. 'तपास' की 'अंधश्रद्धा'? शेवटी झेरॉक्स काढून दोन्हीकडे लावलं. पुढे अशाच गोळ्या घातलेल्यांच्या 'हेही पाहा'च्या चिठ्ठ्या वाढत गेल्या: पानसरे, कलबुर्गी, 2017मध्ये गौरी लंकेश.

10 मे 2024ला दाभोलकरांच्या खुनाचा निकाल लागला तेव्हा मी निवृत्त होतो. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. संध्याकाळी ऑफिसातल्या पोराचा फोन. आता सगळं स्कॅन होतं, पाकिटाऐवजी कीवर्ड.

"काका, 'सूत्रधार' असा कीवर्ड देऊ का?"

"दे."

"पण त्याखाली लावायला काहीच नाहीये."

"माहितीये. तरी दे."